बंधाऱ्याच्या वरचे चार मासे

रिसीव्हरवर एकोणीस नंबर वाजू लागला तेव्हा मी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा होतो, आणि एकोणीस नंबर तिथं असणं शक्य नव्हतं.

मी अँटेना खाली प्रवाहाच्या दिशेला फिरवली. टकटक मंदावली. वर फिरवली, वाढली. रिसीव्हर बंद करून पुन्हा चालू केला, नंबर पुन्हा दाबला. तेच. नदीकाठानं दोनशे पावलं वर गेलो तर आवाज इतका खणखणीत झाला की मासा माझ्या समोरच्या डोहात आहे यात शंका उरली नाही. वहीत लिहिलं: १४ ऑक्टोबर, सकाळी ८.२०, क्र. १९, बंधाऱ्याच्या वर. मग त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. दोन वर्षांत त्या वहीत मी काढलेलं ते पहिलं प्रश्नचिन्ह.

ही २००८ सालची गोष्ट. अमेरिकेत मोंटानातल्या डोंगरातून उतरणाऱ्या टॅमरॅक नावाच्या एका लहान, बर्फगार नदीवर मी मत्स्यखात्यात कंत्राटी तंत्रज्ञ होतो. काम व्हाइटफिशचं. हा त्या नदीचा मूळचा मासा. हातभर लांब, रुपेरी, बारक्या तोंडाचा, तळाशी राहून किडे टिपणारा. ट्राउटच्याच कुळातला, पण गळ टाकणाऱ्यांना ट्राउट हवा असतो. व्हाइटफिश लागला की ते तोंड वाकडं करतात आणि पुष्कळदा त्याला काठावर फेकून देतात. शरद ऋतूत पाणी गार पडलं की हा मासा अंडी घालायला वरच्या गोट्यांच्या पात्राकडे निघतो. आमच्या नदीत तो साडेपाच फुटांच्या एका जुन्या बंधाऱ्यापाशी येऊन थांबायचा. व्हाइटफिशला उडी जमत नाही.

बंधारा आठ शेतकऱ्यांच्या पाटाचा होता. माझी वरिष्ठ मार्गी, साठीला आलेली, कमी बोलणारी बाई, नऊ वर्षं त्या बंधाऱ्यातून माशांसाठी वाट काढून मागत होती. पाटवाले म्हणायचे, मासे जातात वर, तुम्हाला दिसत नाहीत एवढंच. म्हणून हा अभ्यास. सप्टेंबरात तीस माशांच्या पोटात ट्रान्समीटर बसवायचे आणि ऑक्टोबर संपेपर्यंत ते कुठवर जातात ते ऐकायचं. नोव्हेंबरच्या मध्यावर सुनावणी होती. तिसातला एकही वर गेला नाही, तर वाट मिळणार. दोनचार जरी गेले, तरी बंधारा आहे तसा राहणार आणि मार्गीची नऊ वर्षं पाण्यात. दोन्ही बाजूंनी तसं लिहून दिलं होतं. माझं कंत्राटही त्या सुनावणीपर्यंतचंच होतं.

आई त्या ऑगस्टमध्ये तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. आम्ही इंदापूरकडचे भोई. उजनीच्या पाण्यावर माझ्या वडिलांचं आयुष्य गेलं आणि आईचं त्याआधी भीमेवर, तिच्या बापाच्या होडीत. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला बंधारा दाखवायला नेलं. घरापासून अर्ध्या मैलावर होता. तिनं कमरेवर हात ठेवून तो खालून वर पाहिला.

"मग ह्यांनी वर जायाचं कसं?"

"तेच तर शोधतोय मी."

"त्यात शोधायचं काय? दिसतंय की."

"दिसून चालत नाही, आई. सिद्ध करावं लागतं."

"दोन वर्सं?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू पोराला शिकवून चूक केली की काय.

माशाचं नाव ऐकूनही ती हसली होती. पांढरा मासा हे काय नाव झालं, आपल्याकडं सगळेच पांढरे, मग काय सगळ्यांना एकाच नावानं हाक मारायची?

सप्टेंबरात ट्रान्समीटर बसवताना एक दिवस ती सोबत आली. पेटीवर बसून बघत होती. मासा भुलीच्या पाण्यात निपचित झाला की मी त्याला उताणा धरायचो, पोटावर इंचभर छेद घ्यायचो, बोटाच्या पेराएवढी कुपी आत सरकवायचो, तीन टाके घालायचो. कुपीची नंबराची चकती लावलेली बारीक तार बाहेर लोंबत राहायची. चौथ्या की पाचव्या माशाला आई वाकून म्हणाली, "हिच्या पोटात अंडी हाईत की रं."

"असणारच. अंडी घालायलाच निघालेत ना."

"तरी चिरलंस?"

भूल दिलीय, दुखत नाही, असं मी सांगितलं. पुढच्या माशाला तिनं दोऱ्याची कात्री माझ्या हातात दिली, आणि मग दिवसभर देत राहिली. तिला काम आवडलं असं मला वाटलं.

तर, एकोणीस नंबर. मार्गीला फोन केला. ती म्हणाली, मासा मेला असेल, एखाद्या गरुडानं उचलून वर टाकला असेल. मलाही तेच बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी एकोणीस नंबर आणखी अर्धा मैल वर गेलेला होता. मेलेला मासा प्रवाहाविरुद्ध जात नाही.

सतरा तारखेला सात नंबर वर आला. वीसला तेवीस नंबर. एकवीसला चार नंबर.

मी बंधारा इंच-इंच तपासला. कुठं भोक पडलंय का, एखाद्या कडेनं पाणी वाट काढतंय का, लाकडाचा ओंडका अडकून पायरी झालीय का. काही नव्हतं. पाण्याची पातळी रोजच्या रोज मोजलेली होती, ती वाढली नव्हती, उलट दोन इंचांनी उतरली होती. रिसीव्हर बदलून पाहिला. ट्रान्समीटरचे नंबर कारखान्याच्या यादीशी ताडून पाहिले. रोज रात्री जेवताना मी आईला हे सांगायचो, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. ती ऐकायची, भाकरी वाढायची. एकदा तिनं विचारलं, "वर गेल्याली जगली न्हवं?" मी म्हटलं, जगली, तोच तर घोळ आहे. ती म्हणाली, "मग जेव की."

तिचे लोकरीचे मोजे त्या दिवसांत रोज संध्याकाळी हीटरवर वाळत असायचे. मी विचारलं तर म्हणाली, हितली थंडीच ओली हाय. मी ते मान्य केलं. दुसऱ्याच्या बारीकसारीक हालचाली मोजण्याचा मला पगार मिळत होता, आणि घरात चाललंय काय ते मला दिसत नव्हतं.

बावीस तारखेला मार्गी स्वतः आली. आम्ही विजेचा सौम्य धक्का देऊन मासे वर आणायचं यंत्र घेतलं आणि बंधाऱ्याच्या वरचा एक मैल चाळून काढला. चारांपैकी दोन सापडले, सात आणि तेवीस. दोन्ही ठणठणीत, दोन्ही माद्या; चार नंबर नर होता, तो सापडला नाही. तार नसलेला एकही व्हाइटफिश सापडला नाही. खाली बंधाऱ्याच्या पायथ्याशी मात्र शेकड्यांनी होते, तार नसलेले.

मार्गी काठावर बसून बुटातलं पाणी ओतत म्हणाली, "आपल्याला तार आहे हे माशाला माहीत नसतं, भरत. माणसाला माहीत असतं."

याचा अर्थ मला लगेच कळला. कुणीतरी आमचे मासे उचलून वर सोडत होतं, नेमके आमचे, म्हणजे आकडा आमच्या वहीत जावा म्हणून. मग कोण, हा प्रश्न अवघड नव्हता. बंधाऱ्याला लागून ओवेनचं घर होतं. सत्तरीतला एकटा म्हातारा, पाटवाल्यांच्या मंडळाचा चिटणीस. मागच्या सुनावणीत मासे वर जातात असं शपथेवर सांगणारा तोच. मी मार्गीला म्हणालो की त्याच्या ओसरीवर परवा ओली बादली होती, ओले कमरेपर्यंतचे रबरी बूट टांगलेले होते, आणि कोठाराला टेकून एक हातजाळी. हे सगळं खरं होतं. मी वहीतली तारीख आणि वेळसुद्धा सांगितली.

"तुझी खात्री आहे?"

"हो," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी तिनं खात्याच्या अंमलबजावणी विभागाला कळवलं. तक्रारीत ओवेनचं नाव होतं आणि माहिती देणारा म्हणून माझं.

आई ओवेनला ओळखायची, हे मला माहीत होतं. तो एकदा तिला सफरचंदं देऊन गेला होता. तिनं त्याला शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता. मी तिला म्हणालो, त्या म्हाताऱ्याकडून यापुढे काही घेऊ नकोस, तो चांगला माणूस नाही.

"काय केलं त्यानं?"

"मासे चोरून वर सोडतो. माझं काम बिघडवायला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भांडी घासायला उठली. मला वाटलं, तिला ओवेनबद्दल वाईट वाटलं.

चोवीस तारखेला मी ऑफिसला जातो असं सांगून निघालो, गाडी मैलभर लांब लावली आणि काठाच्या झुडपांत कॅमेरा घेऊन बसलो. साडेनऊ वाजले होते. झुडपांची पानं पिवळी पडली होती, निम्मी गळलेली, त्यामुळे बंधारा आणि ओवेनचं अंगण दोन्ही दिसत होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी ओवेन बाहेर आला. हातात बादली आणि जाळी. मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यानं बादली कुंपणाच्या खांबापाशी ठेवली, जाळी तिच्यावर आडवी ठेवली, रबरी बूट खांबाला अडकवले, आणि तो घरात परत गेला.

मला काही उमगेना. मी तीन फोटो काढले. बादलीचे.

पंचवीस मिनिटांनी पायवाटेनं आई आली.

माझं जुनं जाकीट, खाली लुगड्याचा कासोटा मारलेला, डोक्याला लोकरीची टोपी. खांबापाशी बसून तिनं बूट चढवले. ते तिला छातीपर्यंत येत होते. मग बादली घेऊन बंधाऱ्याच्या पायथ्याच्या उथळ फाट्यात उतरली आणि निश्चल उभी राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं. मग जाळी पाण्यात सरकली. घाई अशी नव्हतीच त्यात. मासा आत आला. तिनं त्याला हातानं उलटा करून पोट पाहिलं आणि सोडून दिला. दुसरा, सोडला. तिसरा, सोडला. सातव्या की आठव्याला तिनं पोट पाहिलं, बोटानं काहीतरी चाचपलं, आणि मासा बादलीत ठेवला.

मी झुडपातून उठलो तेव्हा माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

"आई."

तिनं दचकून पाहिलं नाही. बादलीवर हात ठेवला फक्त. "आरडू नगंस, बिचकतीय ती."

बादलीत अकरा नंबर होता. तार दिसत होती.

मी तिला काय काय विचारलं ते नीट आठवत नाही. हे कधीपासून चाललंय, कुणी सांगितलं, कळतंय का तुला काय झालंय, असंच काहीबाही. परवाना नसताना मासा पकडला तर काय होतं, तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि बादलीतल्या पाण्याकडे बघत होती.

"भीमंवर बंधारा झाला तवा माझा बाप हेच करायचा," ती म्हणाली. "अडल्याली पोटुशी मासळी दिसली की उचलायची, वर सोडायची. खायाची न्हाई. आमी पोरं टोपल्या धरायचो. ह्यात चोरी कसली?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हनला असतास, सिद्ध करावं लागतं."

"आणि तारेचेच का? बाकीचे शेकड्यानं आहेत की खाली."

"बाकीची धडधाकट हाईत. त्यांचं ती बघतील," ती म्हणाली. "बाजूला सर, जाऊ दे मला. पानी तापतंय हिचं."

आणि मी सरलो. का, ते आजही मला सांगता येणार नाही. अकरा नंबरला खालीच सोडायला हवं होतं. तीच शिस्त होती, आणि चुकीत भर टाकायची नाही एवढं मला कळत होतं. ती साठेक पावलांची चढण चढून गेली, बादली एका हातात, दुसऱ्या हातानं गवत धरत, आणि मी मागून नुसता बघत राहिलो. वर डोहाच्या कडेला तिनं बादली तिरकी केली आणि मासा स्वतः बाहेर पडेपर्यंत तशीच धरून ठेवली.

तेवढ्यात ओवेन कुंपणाशी आला होता. हातात कॉफीचा मग. मी विचारायच्या आतच तो म्हणाला, तुझी आई पहिल्या दिवशी खुणा करून बादली मागत होती, मी दिली. पाय ओले करते म्हणून बूट दिले.

"तुला माहीत होतं ती काय करते ते?"

"दिसत होतं की." तो जरा गोंधळून माझ्याकडे बघत होता. "मला वाटलं, तूच पाठवतोस तिला. अभ्यासाचा भाग असेल. मी म्हटलं, खात्याला शेवटी अक्कल आली."

तक्रारीची नोटीस त्याला त्याच दुपारी मिळायची होती.

मी गाडीत जाऊन बसलो. फोन हातात घेतला, ठेवला. गप्प बसलो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी तिथं मांडला, ते नाकारण्यात अर्थ नाही. आई नऊ नोव्हेंबरला परत जाणार होती. ती गेली की हे कुणालाच कळलं नसतं. ओवेनला दंड झाला असता, पाटवाल्यांचं नाक कापलं गेलं असतं, मार्गीला वाट मिळाली असती. शेकडो माशांचं भलं झालं असतं. फक्त एका म्हाताऱ्यानं न केलेली गोष्ट केली, असं माझ्या अक्षरात राहिलं असतं.

मी मार्गीला फोन केला आणि पहिलं वाक्य ओवेनबद्दल बोललो. मग आईबद्दल.

ती एवढंच म्हणाली, "किती मासे?"

"पाच."

"चार."

"पाच. आज एक. माझ्यासमोर."

अहवालात ते तसंच लिहिलं. पाच मासे बाद, कारण: तंत्रज्ञाच्या आईने बादलीतून वर सोडले. मार्गी म्हणाली 'एका व्यक्तीने' लिही, मी तसं लिहिलं नाही. ओवेनवरची तक्रार मागे घेतली. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली तेव्हा त्यानं दार उघडंच ठेवलं, पण आत बोलावलं नाही. आईनं जायच्या आदल्या दिवशी त्याला चटणीचा डबा दिला आणि तो त्यानं घेतला.

सुनावणीत पाटवाल्यांच्या वकिलानं तेवढंच वाक्य मोठ्यानं वाचलं. लोक हसले. उरलेल्या पंचवीस माशांतला एकही वर गेला नव्हता, पण अभ्यासात हात घातला गेला म्हणून सगळा अभ्यासच रद्द धरला. पुढच्या वर्षी नव्यानं करा, दुसरा माणूस घेऊन. माझं कंत्राट तिथं संपलं. मला नंतर दुसऱ्या राज्यात काम मिळालं, रोपवाटिकेत, माशांशी संबंध नसलेलं.

एप्रिलमध्ये मार्गीचं पत्र आलं. बर्फ वितळायला लागल्यावर तिनं बंधाऱ्याच्या वर बारीक जाळी लावली होती, कुणी सांगितलं नसताना. तीन दिवसांत जाळीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढी एकशे बारा पिल्लं आली, व्हाइटफिशची. त्या पात्रात नव्वद वर्षांत ती कुणी पाहिली नव्हती. यानं सिद्ध काहीच होत नाही, असं तिनं लिहिलं होतं. खाली ताजा कलम होता: पाचांच्या हिशेबानं आकडा बरा आहे. वाट पुढं चार वर्षांनी झाली. नव्या अभ्यासावर, दुसऱ्या कुणाच्या.

पत्र आलं त्याच दिवशी मी आईला फोन लावला. पिल्लं झाली हे सांगितलं. एकशे बारा, असा आकडाही सांगितला. मला वाटलं, ती हसेल, किंवा मी काय सांगत होते असं म्हणेल.

"आनी टाकं?" ती म्हणाली. "टाकं निघालं का त्यांचं?"

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं.

"त्यासाठी होय गं?"

"बाईला टाकं घातल्यावं तिला घरी पोचवत्यात, भरता. दारात उभी करून ठेवत न्हाईत. तुझ्या वक्ताला मलाबी व्हतं, सात. पोटुशी बाई तू चिरलीस, शिवलीस, आन् पानी पाजून त्याच भिताडापुढं सोडून दिलीस. मी बगत बसले व्हते की पेटीवर. कात्री मीच देत व्हते."

पलीकडे कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला, मग ती पुन्हा फोनवर आली.

मी म्हणालो, "विरघळणारा दोरा असतो, आई. दोन महिन्यांत आपोआप जातो."

"तू बगितलंस?"

दोन वर्षांच्या माझ्या वह्यांत माशाची लांबी होती, वजन होतं, पाण्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ होतं. सात आणि तेवीस नंबर तर माझ्या हातात होते, वरच्या पात्रात, बावीस ऑक्टोबरला. मी तार पाहिली होती, नंबर पाहिला होता.

"नाही," मी म्हणालो.